ठमीच्या पोटातली राख

हॅलो?... हो, बोल... अगं, दम नाही लागलेला, फुंकतोय... फुंकतोय, फुंकतोय! ठमीला... आपल्या अंगणातल्या छोट्या वाफेच्या इंजिनाला गं, आणखी कुठल्या ठमीला फुंकणार मी या वयात?

नाही ना पेटत... दोनदा पेटलं, दोनदा विझलं. नुसता धूर. शेजारच्या वहिनी खिडक्या लावून बसल्यात... हसू नकोस, टाके दुखतील... बरं, हस. टाके कंबरेला आहेत, तोंडाला नाहीत.

तू चाललीस आज?... वॉकर घेऊन? वॉर्डाच्या दारापर्यंत?... शाबास! आणि सिस्टर कुठेय?... निघाली? आत्ता?... अगं, संध्याकाळी येते म्हणाली होती ठमीवर बसायला... उद्याची नाही, आजचीच बस आहे तिची? नवी नोकरी काय पळून चाललीये का?... बरं, बरं. म्हणजे आधी इथे, आणि इथून तशीच स्टँडवर. झालं! आता काय करू मी?

नाही, नाही, तुला नाही ओरडत... ऐक ना. मला एवढंच सांग, तुझ्या हातून ही निमूटपणे पेटते कशी?... अगं, बनवली मी, कबूल. एकेक स्क्रू माझ्या हातचा. पण आग कायम तूच केलीस. मी आपला टोपी घालून पुढे बसायचो आणि शिट्टी मारायचो... मग तेच तर म्हणतोय मी!

हो... विचार एकेक.

पाणी? बघितलं. काचेच्या नळीत अर्ध्याच्या वर आहे... हो, आगीच्या आधीच बघितलं. एवढा काही वेडा नाही... तेल घातलं सगळ्या चाकांना... धुराड्यावर पंखा बसवलाय, हवा ओढतोय. ऐक आवाज... ऐकलास?... घुसमटलेला वाटतो? तुला तिथून, कॉटवरून कळतंय? धन्य आहेस बाई.

लाकडं रॉकेलमध्ये भिजवली, त्यावर लोणारी कोळसा, मग दगडी... एकदम नाही गं... थोडा... बरं, सगळा डबा ओतला. चुकलं.

काय?... राख? कसली राख?... ट्रेमधली? अगं, तो ट्रे मीच बनवलाय, मला नको सांगूस. आग वर, जाळी मधे, राख खाली पडते आणि ट्रेमध्ये जाते... मग पुढे काय म्हणजे? पुढे... जाते.

तू काढायचीस?... दर वेळी? कधी गं?... मी आंघोळीला गेलो की... मला वाटायचं... नाही, खरं सांगू का, मला काही वाटायचंच नाही.

थांब. फोन बाकावर ठेवतो. बंद नको करूस हं...

...हॅलो? आहेस? गच्च भरलाय गं! पार जाळीला टेकलीये राख. खालून हवा जाणार कुठून? मी बिचारीच्या नाकात बोळे कोंबलेत आणि वर तिलाच म्हणतोय, घे श्वास!... हो, काढली सगळी, पत्र्याच्या बादलीत टाकली... तू पडलीस त्या दिवसाचीच असणार. आपण आलोच कुठे परत इकडे... शर्ट? शर्टाचं विचारूच नकोस.

आता थोडीच लाकडं... लावली काडी... पंखा सुरू... अगं! अगं अगं अगं! ऐकतेस? गुरगुरायला लागली!... लोणारी टाकू?... मूठभर. टाकला... थांबू? थांबतो... आता दगडी? पसरून? बरं... एका जागी ढीग नाही, पसरून. हो.

वाफेचा काटा?... अजून निजलाय. थांबतोय ना.

सिस्टरची फेरी हुकता कामा नये गं. ती पोरगी न बसताच गेली तर मला जन्मभर टोचेल... तुला नाही आठवत, मला आठवतं. भिंतीकडे तोंड करून पडली होतीस तू. मला म्हणालीस, मी नाही उठणार, तुम्ही जा घरी. मी दारात थर्मास घेऊन उभा. आणि ही आली, तुझ्यापुढे पाठ करून उभी राहिली. चला मावशी, सिग्नल मिळाला! तोंडानं शिट्टी काय, झुकझुक काय... अख्खा वॉर्ड हसत होता आणि तू चार पावलं टाकलीस. तिने मला माझी बायको परत उभी करून दिली. तिला मी काय देणार? माझ्याकडे ठमीच आहे.

हलला! काटा हलला!... चढतोय... हो, पंखा काढतो आता, आता तिचीच वाफ हवा ओढेल... वा! काय सूर लागलाय! ऐकतेस?

फाटक वाजलं... आली गं! बॅगेसकट आली... ये सिस्टर, ये. बॅग टाक तिथे. इंजिनामागच्या त्या फळीवर बस, पाय दोन्हीकडे, ओढणी खोच आत... घाबरू नकोस, जास्तीची वाफ सोडतेय ती, फुटत नाहीये काही... हो गं, बसली. लहान मुलीसारखी हसतेय. थांब, काहीतरी विचारतेय...

विचारतेय, मावशी कुठे बसतात म्हणून... मी म्हटलं, तिला कुठलं बसायला मिळतंय, ती आगीशी असते.

अगं... तू कधी बसलीच नाहीस ना गं?... नाही, एकदाही नाही. पोरं बसली, पाहुणे बसले, अख्खी गल्ली फिरून झाली...

ऐक ना. थँक्यू... नाही, सिस्टरला नाही, तिला म्हणेन मी फेरी झाल्यावर. तुला म्हणतोय... कशाबद्दल म्हणजे? राखेबद्दल.

हॅलो?... काय?... वाफेचा आवाज बसला?... अरे हो की, काटा उतरलाय... कोळसा, हो... पसरून, हो, पसरूनच टाकतो गं. ठेव आता, मला दोन्ही हात लागतील.