बैठकीआधीची ओळख

नवऱ्याच्या मागे एकटीने चालवलेला कारखाना विकून बाई त्या ऑफिसात पहिल्यांदाच आल्या होत्या. तिथे चार-पाच घराणी मिळून आपापले पैसे गुंतवत. त्यांत सामील व्हायचं की नाही, हे बाईंना माणसं पाहूनच ठरवायचं होतं. त्या बाहेर बसल्या होत्या आणि पार्टिशनपलीकडे यजमान घरातले बहीणभाऊ दबक्या आवाजात बोलत होते.

“दादा, आज बाबांना बैठकीत नको बसवूस.”

“अगं, प्रमुख तेच आहेत. लोक काय म्हणतील?”

“मागच्या खेपेला त्यांनी एकाच माणसाला तीनदा नाव विचारलं.”

“वय झालंय त्यांचं.”

“मग तसं सांगू या ना. नव्या बाई जन्माची कमाई आपल्या हाती देणार आहेत.”

“आणि त्या उठून गेल्या तर?”

“जाऊ देत. पण त्यांना अंधारात ठेवायचं नाही.”

“बाबांना काय वाटेल, याचा विचार केलास?”

“तोच करतेय. म्हणून तर त्यांना कसं सांगावं, ते कळत नाहीये.”

तेवढ्यात आतलं दार वाजलं.

“कसली रे कुजबुज? मी विसरतो, हे मलाही कळतं. त्यांना मीच सांगेन.”

बाई उठल्या आणि पार्टिशनला वळसा घालून आत गेल्या. भावाचा चेहरा खर्रकन उतरला. म्हातारबोवांनी मात्र त्यांना नीट न्याहाळलं.

“माफ करा हं, आपण आधी भेटलोय का?”

“नाही, पहिल्यांदाच,” बाई म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. “बसा. मला तुमच्याशीच बोलायचंय.”