ताटाखालचा लाल ठिपका

टाळकरी, जरा दमानं! मंडळी, ऐका — आज एकच प्रश्न. माणूस मनानं चांगला असेल, तर त्याच्या हातून पाप घडतं का? काय म्हणता, नाही? मावशी, मिश्रीचं बोट तोंडातून काढा आणि ऐका!

एका गावात अंगणवाडी. तिथल्या सेविका मालनबाई. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे शेंबूड पुसले, पण कपाळाला कधी आठी नाही! त्या साली माळावर भटक्यांची पालं पडली. मालनबाई भर उन्हात पालावर गेल्या अन् चार वर्षांच्या एका पोरीला बोट धरून घेऊन आल्या. नाव बिजली. गाण्यात पुढं, खिचडीला त्याहून पुढं! हसता ना? हसून घ्या, पुढं हसायला काही नाही.

आठवड्यात आया दारात! सगळ्यांच्या पुढं पारूआजी — एकादशी न चुकवणारी! "बाई, तिच्या उष्ट्या ताटात आमची लेकरं जेवायची नाहीत. तिला काढा, नाहीतर आम्ही पोरं नेतो."

मालनबाईंपुढं पेच पडला. बिजलीला काढायला जीव होईना. बाकीची पोरं गेली तर अंगणवाडीच बंद! मग केलं काय? घरच्या दाराचा लाल रंग उरला होता, त्याचा एका ताटाखाली ठिपका दिला. हे बिजलीचं. धुवायचं वेगळं, ठेवायचं खिडकीत. मिटला की वाद! आणि सगळ्यांत खूश कोण? बिजलीच! "बाईंनी माझ्याच ताटाला कुंकू लावलं!" ज्याला त्याला ताट उलटं करून दाखवायची. मालनबाई मान खाली घालून खिचडी ढवळायच्या. अहो, कळत होतं त्यांना! कळूनही ठिपका तसाच ठेवला.

एक दिवस काय झालं — पारूआजीचा नातू सोपान रडत होता. बिजली म्हणाली, "रडू नको रं, माझ्या कुंकवाच्या ताटात जेव!" दोघं एका ताटात! नेमकी तेव्हाच आजी आली. ताट अंगणात भिरकावलं, नातवाच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. बिजली मालनबाईंकडं बघत राहिली. वाटलं असेल, बाई आता आजीला रागावतील.

मालनबाई कुणाला रागावल्या, मंडळी? "बिजली! सांगितलं होतं ना, तुझं ताट वेगळं म्हणून!"

दोन दिवस पोरगी आली नाही. तिसऱ्या दिवशी मालनबाई राजगिऱ्याचा लाडू घेऊन पालावर गेल्या. बिजली खेळत होती, अंगणवाडी-अंगणवाडी! चिंध्यांच्या बाहुल्या ओळीनं बसवलेल्या, पुढ्यात पानं, पानावर मातीची खिचडी. एक बाहुली मात्र लांब, दगडाआड.

"अगं, तिला का गं तिकडं?"

"ती आमच्यातली हाय, बाई. तिला लांबच बसवत्यात."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच की."

लाडू हातातच राहिला. मालनबाई घरी आल्या, विटकरीनं ताट घासत बसल्या. नखं फुटली, पण ठिपका निघाला. सकाळी ते ताट घेऊन धावत माळावर गेल्या, तर पालं उठलेली! चुलीचे तीन दगड तेवढे काळे पडलेले. काय उपयोग त्या घासण्याचा? पोरगी जाईल त्या गावात आपणहून लांब बसेल. तिला कुणी सांगायचीही गरज नाही.

म्हणाल, पारूआजी वाईट! अहो, पारूआजीनं ताट फेकलं. ठिपका कुणी दिला?

आता इथं पंगत बसेल. त्या दोरीपलीकडं कडेवर लेकरं घेऊन माणसं उभी आहेत, दिसतात ना? सगळ्यांचं झालं की त्यांना तिकडंच नेऊन वाढता. प्रेमानं वाढता, ठाऊक आहे मला! मालनबाईंचंही प्रेमच होतं. बारा वर्षं मी इथं घसा फोडतोय, दोरी वीतभर हललेली नाही. खरं सांगू? आता मला आशा नाही तुमची. आणि माझीही नाही — बारा वर्षं मी अलीकडंच जेवलो!

आज बुवाचं पान दोरीपलीकडं मांडा. बघू, वाढायला कोण येतं ते.