मस्टँगला अर्धा सेकंद जास्त

— नाय नाय, मामा, खाट राहू द्या, मी असाच ओट्यावर टेकतो. फाट्यापासून चालतच आलो की. गाडी? गाडी तिकडंच उभी हाय, चिंचेखाली. तुमच्या वेशीतला तो गतिरोधक — गतिरोधक घातला का बांध घातला वो तुमच्या सरपंचानं? मस्टँगचं पोट घासतं. बाकी जगात कुठं अडत नाय ती. चहा नको, बसा तुमी. मामी आत हाय वाटतं, दारात चपला दिसत्यात — असू द्या, हाका मारू नका, आपल्याला दोघांतच बोलायचंय.

तर रविवारी घड्याळ तुमीच धरायचं, हे पक्कं. सोमनाथ म्हणत होता, मोबाइलवर मोजू. म्हणलं, हट्! तालुक्यातल्या शंकरपटात चाळीस वर्षं बैलजोड्यांचा टाइम कोणी धरला? पुंडलिकमामानं. इकडचा धागा तुटला की घड्याळ चालू, तिकडचा तुटला की बंद. पाव सेकंदावरून माणसं एकमेकांच्या गचांडीला गेली, पण मामाच्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नाय. मंग दोन सख्ख्या भाच्यांच्या गाड्यांचा निवाडा परक्यानं काहून करावा? बिडकीनच्या कारखान्यांच्या वसाहतीतला रस्ता रिकामाच असतो रविवारी, एकदम सरळ, धागे बांधायला दोन्हीकडं खांब हायेत — सगळं बघून आलोय मी.

आता सोमनाथची चॅलेंजर — भाऊ म्हणून नाय, गाडीवाला म्हणून बोलतो — ताकद तिला जास्त, कबूल. कागदावर शून्यापासून शंभरला ती चार सेकंदांच्या आसपास, आन् मही पाचच्या. पण कागदावर! अंग किती तिचं, दोन टनाला टेकलंय. सोमनाथनं पाय दिला की मागची चाकं जागच्या जागी फिरत्यात, धूर निघतो, गाव शिट्ट्या मारतं, आन् गाडी तिथंच. तुमी पटात बघितलं नाय का, लई जोरावर बैल सुटतानाच घसरतो आन् हलकी जोडी निघून जाते? तेच हे. तिसरी ती वाळूजच्या आप्पासाहेबांची कॅमेरो, ती तर धरूच नका. ती निस्ती वरातीत चालती, पुढं बँड, मागं बायका — शून्य ते पाच, तेबी दोन तासांत. मही मस्टँग सुटली ना — म्हणजे मी काय रोज सोडत नाय, काटा चाळीसच्या वर गेला की सुरेखा महा दंड धरती, बायकोपुढं कोणाचं चालतं — पण सुटली, तर सोमनाथला मागचे लाल दिवेच दिसतील!

लावलंय काय म्हणता? तुमाला ठाऊक नसंल असं कसं? आई. म्हणजे — तसलं काही मनात आणू नका, आईवर पैज नाय लावली! सहा महिने ती मह्याकडं शहरात, सहा महिने त्याच्याकडं बिडकीनला. तुमचीच बहीण, तुमाला काय सांगायचं, गुडघे गेले तिचे, आन् सारखी पिशवी भरायची, पिशवी सोडायची. म्हणून ठरलं — ज्याची गाडी जिंकंल, त्याच्याकडं आई, कायमची. पारावर, सगळ्यांसमोर. मी म्हणलं आई मही, तो म्हणला आई मही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं वो.

आता जरा खासगी. रविवारी मह्या गाडीचा टाइम लिहिताना अर्धा सेकंद — कमी? नाय, नाय. जास्त. जास्त लिहा. असं बघू नका मामा. आई नको असं कोण म्हणलं? पण नव्या बंगल्याची फरशी गुळगुळीत, ती भिंत धरून चालती, भिंतीवर तेलकट हात उमटत्यात. पाहुण्यांसमोर चहात भाकर चुरती. आमच्या पोरीच्या, संस्कृतीच्या, मैत्रिणी आल्या की त्यांना जात विचारती. आन् दवाखान्यात न्यायचं तर मस्टँगला दारं दोनच, सीट जमिनीला लागलेली. एकदा बसवली, तर आम्ही तिघांनी उपसून काढली. तवा सगळ्यांसमोर काय म्हणली, "बद्रीनाथ, आपली बैलगाडी बरी व्हती रं." आता असं बोलल्यावर माणसाची काय इज्जत राहती? पण आई नको, असं मी भर पारावर कसं म्हणू? हारलो म्हंजी आपसूक होतं. बदनामी होईल ती गाडीची, मही नाय.

हसता काहून? काय — सोमनाथ? काल? इथंच बसला होता? आन् त्यानंबी हेच — किती मागितला त्यानं? एक! बघा मामा, बघा! सख्ख्या आईला टाळायला पुरा एक सेकंद! मी अर्धाच मागतोय. आता तुमीच सांगा, दोघांत आईची माया कोणाला जास्त?

सारखं आत काय बघता? मामी तर — ह्या चपला मामीच्या नाय. मामीचा पाय एवढा कुठं लहान? अंगठ्याला पिन लावलीय... ही पिन मीच लावली होती. पाडव्याला. नव्या आणतो म्हणलं होतं, तवर चालव म्हणून.

आई?

ती तर सोमनाथकडं होती ना? कवापासून आत हाय? काल तो आला तवाबी?

आई, बाहेर ये. अगं चेष्टा चालली होती मामासंगं, गाडीवाल्यांचं बोलणं असतंय ते, त्यात काय एवढं — पिशवी कशाला? कुठं? रत्नमालाकडं, गंगापूरला? लेकीच्या दोन खोल्यांत तू कुठं मावशील? लोक काय म्हणतील मला? थांब, जीपला हात करू नको, मी सोडतो की, गाडी आणलीय! फाट्यावर हाय, पाच मिनिटं, दहा मिनिटं थांब — ए जीपवाल्या! अय! उतरव तिला! — गेली. बारा माणसं कोंबलेली जीप, आन् कशी अलगद हाताला धरून वर घेतली तिला बायकांनी.

चपला इथंच राहिल्या मामा. अनवाणी गेली.

तुमची लुना कुठंय? चावी द्या. गाडी उलटीकडं राहिली, तिथवर जाऊन यायला जीप गंगापूर गाठंल. लुनावर पुढच्या वळणाला धरतो तिला, चपला तरी देतो — द्या ना. मामा. मामा, दार काहून लावता?