पुढचा भाग धाकट्याचा, मागचा आईचा

आमी कामनचे, मूळचे. भिवंडी रस्त्याला आता गोदामांची रांग लागते ना, तिथं आमची भातशेती होती, आता तिथं टाईल्सचे खोके असतात. बा लवकर गेला. मी मोठा, मग दिनेश, त्याला दिन्याच बोलतात सगळे, आनि आई. आईला एक सवय, काय सांगू तुमाला, घरात काही आलं की ते दोघांत सारखं करायची. भाकरी अर्धी अर्धी ते सगळेच करतात, पन हिनं जत्रेतनं एकच भोवरा आनला तरी सकाळी दिन्यानं फिरवायचा नि दुपारी मी. मला मिसरूड फुटलेलं, मला कशाला भोवरा, पन दुपारी तो माझ्या हातात आनून द्यायचीच. एकाचं मन राहिलं नि दुसऱ्याचं मोडलं असं तिला बघवायचं नाय. या दोघांचं कधी भांडन होत नाय ते म्हातारीमुळं, असं गाव बोलायचा. मी पन तेच बोलायचो.

जमीन गेली तसा मी टेम्पो घेतला, गोदामातला माल नालासोपारा-विरारला पोचवायचा. दिन्या शिकला, तो त्याच गोदामात हापिसात लागला. लग्नं झाली दोघांची, चूल एकच. मग दिन्याच्या डोक्यात गाडी शिरली. साधी नाय, डिकीवर पंख लावलेली लाल गाडी, सेकंडहँड, पन पळायची काय! त्या काळात हायवेला ती दिसली की पोरं माना वळवायची. घेतली दोघांनी मिळून. मी पन खूश होतो, खोटं कशाला बोलू, टेम्पोवाल्याला मागं गादीवर टेकून बसायला मिळतं म्हंजे काय ते तुमाला नाय कळायचं. इंजिन चांगलं होतं, फक्त शॉकअप गेलेले, चारी. खड्ड्यात धाडकन आपटायची आनि मग होडीसारखी डुलत राहायची.

तेव्हा शॉकअप नि स्प्रिंगा नव्या टाकायच्या ठरलं, आनि तिथंच सगळं आलं. दिन्या बोलला, टाकायचेच तर साधे कशाला, गाडीच्या लायकीचे टाकू. कुठनं कुठनं रंगीत पुस्तकं आनायचा, त्यात फोटो. आखूड स्प्रिंगा, कडक शॉकअप, गाडी चार बोटं खाली बसते, वळनावर झुकत नाय, रस्त्याला चिकटून जाते, असं जेवताना घास हातात धरून सांगायचा. मी बोललो, अरे चिकटून जाते ती हायवेला, आपल्या रस्त्याला पोट घासंल तिचं. आनि आईची कंबर बघ. आईनं जन्मभर वाकून लावनी केलेली, कंबर कामातनं गेलेली, तिला वसईला डॉक्टरकडं न्यायला लागायचं. मी बोललो, उंच घे, मऊ घे. तो बोलला, दादा, मऊ घेतली तर मग ही गाडी घेतलीच कशाला, तुझा टेम्पो काय वाईट होता? ते मला लागलं. माझी अक्कल टेम्पोची, त्याची पुस्तकातली, कोन ऐकनार? रोज ताटावर तेच. बायका उठून जायच्या.

एक दिवस आईच बोलली, पुढं कोन बसतं? दिन्या, तो चालवतो. मागं कोन? मी नि दादा. मग पुढचं त्याच्या मनासारखं करा नि मागचं दादा बोलतो तसं. संपलं, जेवा आता. आनि आमाला ते पटलं. हसू नका, खरंच पटलं. आमच्या घरात सगळं तसंच होत आलेलं, मग गाडीचं का नाय होनार?

फाट्यावरचा मिस्त्री ऐकून हसला, बोलला, शेठ, पुढं एक नि मागं भलतंच असं कोन बसवत नाय. दिन्या बोलला, आमच्या आईनं सांगितलंय. मग त्यानं बसवलं. पुढं आखूड नि कडक, मागं लांब नि मऊ. गाडी उभी राहिली की वाटायचं, हिचं काहीतरी पडलंय नि ही खाली वाकून शोधते. नाक्यावरची पोरं बोलायची, दादा, तुमची गाडी पाया पडते काय हो? पन आमी दोघं आपापल्या अर्ध्यावर खूश. दिन्या पुढनं बोलायचा, बघ कशी चिकटते. मी मागनं बोलायचो, बघ आई, कशी गादीवर बसल्यासारखी. आई खिडकीवरची मूठ धरून बसलेली असायची, तोंड मिटून. तिला मळमळायचं, पुढनं दनका बसला की मागची बाजू उडायची नि उडतच राहायची. हे तिनं माझ्या बायकोला सांगितलं, आमाला कधी नाय. कोनाला सांगनार? पुढचं वाईट बोलली तर त्याला लागनार, मागचं बोलली तर मला.

गनपतीच्या आधी तिला डॉक्टरकडं नेत होतो. पावसानं रस्त्याची चाळन झालेली. एका खड्ड्यात पुढचं खाडकन खाली लागलं, मागचं उसळलं, आईचं डोकं वर टपाला आपटलं आनि ती माझ्या मांडीवर आडवी झाली, आई गं बोलली फक्त. दिन्या उतरला, खाली बघतो तर ऑइलची धार. उठला नि मला बोलला, तुझी ती मऊ गादी, तिच्यामुळं उडाली ती. मी आईला नीट टेकवलं नि उतरलो. मी बोललो, तुझं नाक जमिनीला लागलं म्हनून उडाली. पुढचं, मागचं, पुढचं, मागचं, असं करत करत आमी कुठं पोचलो काय सांगू, जमिनीच्या पैशातनं टेम्पो कोनाला मिळाला, शिकायला कोनाला मिळालं, कोनाची बायको जास्त राबते. मागं ट्रेलर हॉर्न मारतायत, चिखल उडतोय, आमी आपले मधोमध उभे. आनि मी वळून बघतो तर गाडीत आई नाय. गावातलाच एक रिक्षावाला जात होता, त्यानं तिला आधार देऊन उतरवली नि डॉक्टरकडं नेली. आमच्या दोघांच्या अंगावरनं नेली, साहेब, आनि आमाला दिसलं नाय.

त्याच रात्री दिन्या वाटनी हा शब्द बोलला. मी नको असं बोलायला पायजे होतं. मी बोललो, कर. गाडी विकली, तिची आता कोनाला पडलेली. ओटीच्या मधनं भिंत घातली, दोन दारं झाली, दोन चुली झाल्या. आनि आईचं काय, असं कोनी विचारायच्या आत आईच बोलली, एक महिना इकडं, एक महिना तिकडं. तिच्या रीतीप्रमानं. पहिली तारीख आली की पिशवी भरून दारात उभी. या दारातनं निघायची, अंगनातनं वळसा घालून त्या दारात. तिच्यासाठी मऊ सीट मागनारा मी, तिला अशी चालवत राहिलो.

शेवटी तिनं अंथरून धरलं ते माझ्याकडं. महिना बदलला. ती बायकोला बोलली, पिशवी भर. मी बोललो, आई, उठवत नाय तुला, राहा इथंच. नको बोलली, दिन्याला वाटंल दादानं ठेवून घेतली. मग मी त्याला हाक मारली, कितीतरी वर्षांनी. तो आला. खाटेसकट उचलली तिला, पुढनं तो, मागनं मी. अंगनात आलो तर तो मान न वळवता बोलला, दादा, पायाखाली दगड हाय, जपून. आनि आमी इतके हळू चाललो, इतके हळू, की आई झोपली. तिला धक्का असा बसलाच नाय. मला तिथंच रडू फुटलं, पन हात सोडता येईना, नाक तसंच वाहू दिलं. असं चालता येत होतं आमाला. मग इतकी वर्षं काय केलं आमी? त्याच महिन्यात ती गेली, त्याच्याकडं.

भिंत हाय तशीच हाय. पाडायची तर पहिला घाव कोनी घालायचा, यावर अडलंय. तो चांगला हाय हो, पोरं चांगली निघाली त्याची, देव त्यांना सुखी ठेवो. तुमी चहा घ्या. पन अर्धाच घ्या, आनि जाताना पलीकडं पन घ्या अर्धा, नायतर तो बोलंल, दादाकडं बसलात नि माझ्याकडं आलात नाय.