सिद्रामच्या गाडीचं पत्र्याचं तोंड

आमच्या सिद्रामचं लग्न कसं जमलं ते मला विचारा की, मागच्या सीटवर मीच होतो. आणीबाणीच्या वर्षातली गोष्ट. सिद्रामनं जुन्या मोटारसायकलला रेसच्या गाडीसारखं पुढं पत्र्याचं तोंड बसवलं होतं आणि हँडलही खाली घेतलं होतं. दिसायला झकास, पण हँडल निम्मं वळलं की पत्र्याला अडायचं आणि बोटं मध्ये चेमटायची. "कडेचा पत्रा जरा काप," असं मी रोज सांगायचो. "शोभा जाती," एवढंच त्याचं उत्तर.

त्याच गाडीवरून आम्ही अक्कलकोटला मुलगी बघायला गेलो. तिच्या वडिलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं आणि घर मागच्या बोळात. घरचे सगळे दारात उभे होते. सिद्राम बोळात वळायला गेला, हँडल अडलं आणि आम्ही थेट समोरच्या भिंतीवर! लागलं काही नाही, पण त्याची बोटं अडकली आणि तो ओरडला. मला वाटलं, आता चहासुद्धा मिळत नाही.

मुलगीच पुढं आली. वाकून बघत म्हणाली, "हितला पत्रा कापा की. गाडी वळायला नको का?"

सिद्राम बोटं चोळत म्हणाला, "कात्री हाय का?"

तिनं दुकानातून पत्र्याची कात्री आणली आणि या गड्यानं अंगातल्या नव्या शर्टानिशी तिथंच बसून पत्रा कापला. मी रोज सांगायचो तोच पत्रा!

तिचे वडील आत वळून बायकोला हळूच म्हणाले, "पोरगं ऐकतंय. उप्पीट टाक."