काकांच्या भिंतीचा मूळ रंग

नाही, पण तुम्हीच सांगा, ज्यांनी आपलं दुकान वाचवलं त्यांची चूक त्यांना दाखवायची तरी कशी? थांबा, आधी नीट सांगतो, मला अर्धवट बोलायची सवय नाही. ही हकिकत मला माझ्या काकूकडून कळली, गेल्या वर्षी, एका रविवारी, जेवणं झाल्यावर. त्या वेळी काका आतल्या खोलीत झोपले होते... म्हणजे आतून घोरण्याचा आवाज येत होता, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो. त्याच्या आधीचं सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे. आणि पालिकेचे उपकार आहेत, ते मी नाकारत नाही!

तर काकांचं केशकर्तनालय. जुन्या बाजाराच्या तोंडाशी, दगडी कमानीखाली. पालिकेच्या बांधकाम विभागानं ठरवलं, रस्ता रुंद करायचा, ही अख्खी ओळ पाडायची. काकांनी हायच खाल्ली! गिऱ्हाइकाचा एका बाजूचा कल्ला कापायचे, दुसरी बाजू विसरायचे, आणि ते बिचारं तसंच बाजारभर हिंडायचं. काकू म्हणायची, "अहो, दुकान जायचं तेव्हा जाईल, लोकांची डोकी तरी शाबूत ठेवा!"

एवढ्यात त्याच पालिकेचा वारसा विभाग धावून आला. एक विभाग पाडायला निघालेला, दुसरा वाचवायला, आणि दोघांची दारं एकाच जिन्यावर, समोरासमोर! वारसा विभागाच्या बाई आल्या, हातात भिंग, कपाळाला आठी. म्हणाल्या, "काका, इमारत जुनी आहे हे दिसतंय, पण नुसतं जुनं असून भागत नाही. समितीपुढं काहीतरी दुर्मीळ ठेवावं लागेल."

काका म्हणाले, "मला ठेवा की!"

बाई हसल्या नाहीत. कामात होत्या.

आता त्यांची पद्धत समजून घ्या. भिंतीचा पहिला रंग शोधायचा, तर चाकूनं एकेक थर खरवडत थेट गिलाव्यापर्यंत जायचं, कांद्याचे पापुद्रे काढावेत तसं. सगळ्यात खालचा थर तो मूळ रंग. शास्त्रशुद्ध पद्धत आहे, मी इतिहासात एम.ए. केलंय, माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे... होता. बाईंनी दाराशेजारचा कोपरा निवडला. पिवळा गेला, हिरवा गेला, निळा गेला, आणि मग... तपकिरी! लालसर झाक असलेला, गडद, तुकतुकीत. बाई जवळजवळ ओरडल्याच, "हा रंग मी या शहरात कुठंच पाहिलेला नाही!" शिंपी धावला, घड्याळवाला धावला, अर्धवट दाढी झालेलं गिऱ्हाईक फेसासकट धावलं. मीही भिंगातून पाहिलं, मीही "वा!" म्हणालो.

समिती आली, माना डोलावून गेली, आणि ओळ वाचली हो! कमानीचे निखळलेले दगड पुन्हा बसले, गळकं छप्पर दुरुस्त झालं, आणि शेवटी अख्खी ओळ त्या मूळ रंगात रंगवली. शिंपी तपकिरी, घड्याळवाला तपकिरी, काका तपकिरी! लोक लांबून बघायला येतात, आणि आलेच आहेत तर दाढी करून जातात. काका तर खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला ऐकवतात, "मान सरळ ठेवा, वारशात बसलाय तुम्ही!" उपकार आहेत, नाकारत नाही!

आणि मग तो रविवार. मी सहज म्हटलं, "काकू, त्या रंगावर एक निबंध लिहावा म्हणतोय." काकू ताटं उचलता उचलता थबकली, आतल्या घोरण्याचा कानोसा घेतला आणि हळूच म्हणाली, "लिही की. पण त्यात कलपाचं नको घालूस."

"कसला कलप?"

"अरे, तो कोपरा ओल येऊन पडला होता ना, आमच्या लग्नाच्या वर्षी. ह्यांनीच गिलावा केला, हौसेनं. रंग द्यायचा राहिला, तो काही वर्षं राहिलाच! मग काय, ब्रशला कलप उरला की पूस भिंतीला, उरला की पूस भिंतीला. पुढं निळा, हिरवा, पिवळा दिला तो त्याच्यावरच. मी ओरडायचे, अहो, भिंतीचे केस पिकलेत का?"

तुम्हाला सांगतो, मी बसल्या जागी गार! म्हणजे शहरातला सगळ्यात म्हातारा रस्ता आज कलप लावून उभा आहे! आता बोललो तर काकांचं दुकान जाणार, गप्प बसलो तर माझं एम.ए. मला झोपू देणार नाही. शेवटी धीर करून बाईंच्या कार्यालयात गेलो, आणि सरळ विचारवेना म्हणून आडून विचारलं, "मॅडम, एकाच कोपऱ्यावरून सगळ्या ओळीचा रंग... म्हणजे आपलं... पद्धत म्हणून?"

बाईंनी मान वर केली नाही. "कमान खरी आहे ना?"

"हो."

"दगड खरे आहेत?"

"हो हो."

"मग? रंग उद्या दुसरा देता येईल, पाडलेली कमान कुठून आणू?" आणि मी दारापर्यंत पोचल्यावर म्हणाल्या, "काकांना विचारा, माझ्याही केसांना लावून देतील का. टिकाऊ दिसतो."

उपकार आहेत, कसं नाकारणार? निबंधाचा विषय मी बदलला. आता जुन्या गटारांवर लिहितोय, तिथं निदान कुणी रंग देत नाही. फक्त बाईंना ते आधीपासून ठाऊक होतं की नव्हतं, एवढ्या एकाच भागाची खातरजमा मला आजवर करता आलेली नाही. विचारता येईल हो... पण त्या खरं सांगतील, हीच तर भीती आहे ना!