उसन्या तेलाचं साक्षगंध

बसा ना बे, कुठी चालले? चहा थंडा झाला तर होऊ द्या, पण हे ऐकल्याबिगर कोणी उठाचं नाही. आत्ता सौसरहून येऊन राहिलो मी. बसनं. हो, बसनं! गाडी कुठी हाय ते विचारू नका, तिथंच येऊन राहिलो, आधी मले बोलू तर द्या...

तर गाडी. तुम्ही पाह्यलीच हाय माझी अम्बेसडर, माझ्याच वयाची, वरतून पाहा तर राजा, फक्त खालून आईल गळते. लय नाही. थेंब. एक थेंब पडला की दुसरा पडेपर्यंत माणूस पानठेल्यावर जाऊन येते. आमचा गुलाब मिस्त्री दर महिन्याले खाली घुसते, बाहेर निघते, हात पुसते अन् म्हणते, "थेंबच तर हाय भाऊ, थेंबानं का होते?" मीही म्हणलं, थेंबानं का होते? आईलचा एक डबा अन् बोल्ट खोलाचे पाने एका पिशवीत टाकून सोबत ठेवाचे, झालं काम.

आता या गाडीवर माझी सोयरीक टांगली होती, हे तुम्हाले माहीत नाही. सौसरचे केशवराव, संत्र्याचे मळे, त्यायची पोरगी उर्मिला. मी तिले एकदाच पाह्यलं होतं, पांढुर्ण्याच्या एका लग्नात, वाढप्याले दम देऊन राहिली होती, का तर म्हाताऱ्यांच्या पंगतीले बुंदी कमी वाढली म्हणून. तवापासून मले झोप नाही, खरं सांगतो. पण केशवरावांनी दोनदा नाही म्हणलं, नागपूरचा पोरगा, भाड्याची खोली, का पाहून द्याची पोरगी? मंग पांढुर्ण्याच्या माझ्या मनकर्णा आत्यानं हळूच सांगितलं, पोराजवळ सोताची मोटार हाय. अन् साक्षगंध ठरलं, अंगठी-कुंकवाचं! शनिवारचं.

शनिवार. वार ध्यानात ठेवा.

सकाळी नवा सफारी घालून पांढुर्ण्याले आत्याले घ्यायले गेलो. आत्या बसाच्या आधी डिक्कीत डोकावते.

"ह्या पिशवीत काय हाय?"

"तेल हाय आत्या, गाडीचं."

"आज वार कोणता? शनिवारी तेल घेऊन सोयरिकीले जाते का कोणी? ठेव खाली."

मी लाख समजावलं, आत्या हे खायचं नाही, ह्याच्यात कोणी पापड तळत नाही. तर म्हणते, तेल ते तेल. पिशवी राहिली ओसरीवर, पान्यांसगट. मी मनात म्हणलं, जाऊ दे, थेंबच तर हाय, थेंबानं का होते?

मोहगावच्या पुढं गाडीत आईलचा लाल दिवा लागला. बोनेट उघडून आईल मोजाची पट्टी काढतो तर काय, कोरडी ठाक! म्हणलं मोहगावात वापस जातो पायदळ, डबा आणतो. तर आत्या खाली उतरली, साडीचोळीचं ताट हातात घेतलं अन् सौसरच्या दिशेनं चालू पडली. शनिवारी तेल विकत घेशीन तर मी अशीच पायी जाते म्हणे! तुम्हाले सांगतो, मी सफारीत तिच्या मागं पळून राहिलो, रस्त्यावरचे बैलगाडीवाले थांबून पाहून राहिले. शेवटी एका बाभळीखाली आत्या थांबली, विचार केला, अन् निकाल देल्ला. विकत नाही. पण उसनं चालते. उसनं वापस जाते ना, घरात राहत नाही.

बाजूलेच संत्र्याचा मळा, आत डिझेलचं इंजिन टुकटुक करून राहिलं. जिथं इंजिन तिथं आईल! घेतली गाडी आत, झाडायले सोडलेल्या पाण्यातून, चिखल उडवत. रखवालदार होते चिंधूभाऊ. भला माणूस, तांब्याभर आईल ओतून देल्लं. फक्त विचारलं, वापस घ्यायले कुठी येऊ? झालं, माझी छाती फुगली. म्हणलं, सौसरले केशवरावांकडे या, आज त्यायचा जवाई होऊन राहिलो. चिंधूभाऊनं मले पाह्यलं, गाडीले पाह्यलं.

"मंग तर घरचंच झालं. हा मळा त्यायचाच, अन् आईलही त्यायचंच."

शुभशकुन! मी एवढा खुश, एवढा खुश, का चिंधूभाऊलेच गाडीत बसवलं, तेही साक्षगंधालेच निघाले होते. म्हणजे साक्षीदार मीच मागच्या सीटवर बसवून नेला, समजलं का?

सौसरले अंगण सारवलेलं, मांडव, खुर्च्या, केशवराव सोता गाडीचं दार उघडाले आले. अन् चिंधूभाऊ उतरता उतरता कौतुकानं सांगते, जवाईबुवांनी आपल्याच मळ्यातून आईल नेलं. बाजेवर केशवरावांची माय बसली होती, यमुनाबाई. तिनं अडकित्ता खाली ठेवला.

"शनिवारी घरचं तेल बाहेर देल्लं? ते तेल वापस आल्याबिगर पोरीच्या कपाळाले कुंकू लागणार नाही."

केशवराव म्हणाले, माय, मी दुकानातून आणतो. शनिवारी? विकत? नाही, तेच तेल पाह्यजे! अन् माझी आत्या, माझी सख्खी आत्या, मान हालवून म्हणते, बरोबर हाय यमुनाबाईचं. इंजिनाखालचा बोल्ट खोलून तेल काढावं तर पाना? पाना पांढुर्ण्याले, ओसरीवर!

पण मी हासलो बे. म्हणलं चिंता नाही, आपली गाडी गळते! आयुष्यात पहिल्यांदा छाती ठोकून सांगितलं. परात आणा. परात सरकवली खाली. सगळ्यायनं मांडवातल्या खुर्च्या फिरवून गाडीकडे केल्या. सारे पाहुणे कंबरेतून वाकून पाहून राहिले... अन् थेंब नाही. एक नाही! इंजिन चालू केलं, नाही. चौघांनी धरून हालवली, नाही. सफारीसगट खाली घुसलो तर मळ्यातला चिखल गळत्या जागेवर इंजिनाच्या गरमीनं असा वाळून बसला, का सिमेंट. खरवडतो तर नखं तुटून राहिली. वरतून एक पाहुणा केशवरावांले म्हणून राहिला, गाडी मात्र मजबूत हाय, एक थेंब गळत नाही.

मी तसाच खाली पडलो, डोळे मिटून. गेली म्हणलं उर्मिला.

तेवढ्यात दारातून तिचाच आवाज आला.

"आजी, तेल गाडीत हाय ना? अन् गाडी आपल्या अंगणात हाय. मंग तेल घरीच आलं. गाडी बाहेर नाही गेली म्हणजे झालं."

यमुनाबाईनं सुपारीचा तुकडा या गालातून त्या गालात नेला. "पोरगी बरोबर बोलते."

टाळ्या! साऱ्यात जोरात मी वाजवल्या, खालूनच! कुंकू लागलं, अंगठी घातली, पेढे वाटले, माझ्या काळ्या नखांकडे पाहून ती थोडीशी हासली, मी तर हवेत. निघतानी गाडीलेच लावून ठेवलेली चाबी फिरवाले जातो, तर ती यमुनाबाईच्या पदरात गाठ मारून बसलेली. लग्नापर्यंत गाडी इथंच राहू द्या म्हणे. लग्न वैशाखात! मी उर्मिलाकडे पाह्यलं, तर तिनं मान खाली घातली, अन् खांदे हासून राहिले तिचे.

आता बोला. दुनियेत पोरगी लग्न झाल्यावर सासरी नांदाले जाते. माझी मात्र लग्नाआधी गाडीच नांदाले गेली, तेही माझ्याच सासरी, अन् मी आत्याच्या मांडीवरचं रिकामं ताट सांभाळत बसमधे उभा. पण तुम्हीच सांगा बे, तुम्ही असते तर का केलं असतं? चाबी मागितली असती?